चव्वेचाळीस एकर गवत

डॉयल टिडवेलच्या गवतातली काडीसुद्धा आता कुणाच्या पोटात जात नव्हती. शेवटच्या बारा गायी त्याने गुडघे कुरकुरायला लागले त्या वर्षी लिलावात देऊन टाकल्या होत्या. तेव्हापासून त्या चव्वेचाळीस एकरांना तोंड लावायला संध्याकाळी झाडीतून हरणं उतरायची, तेवढीच. तरी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत डॉयल ते गवत कापायचा. टेनेसीच्या त्या भागात जमीन नुसती पडून राहत नाही. एक वर्ष कापलं नाही की काळ्या बेरीची काटेरी जाळी उठते, दुसऱ्या वर्षी सीडरची रोपं गुडघ्याला लागतात, आणि पाचव्या वर्षी मालकालाच आपल्या शेतात शिरता येत नाही. शेजारच्या हार्गिस लोकांच्या जमिनीचं तसं झालेलं त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्याचा निळा ट्रॅक्टर पंचेचाळीस वर्षांचा होता. मागे कापणीचं यंत्र जोडलं की आधी घरामागचा उंचवटा, मग ओढ्याकाठचा पट्टा आणि शेवटी खालचं कुरण, असा त्याचा क्रम. सगळं उरकायला चार दिवस लागायचे. दव सुकल्यावर, दहाच्या सुमाराला तो सुरू करायचा आणि उन्हं कलली की थांबायचा. त्र्याहत्तराव्या वर्षी आठवड्यातले चार दिवस असे भरत होते. उरलेले तीन जास्त लांब वाटायचे.

पूर्वेच्या कुंपणापलीकडे घरं होती. सगळी करड्या रंगाची, एकाच साच्यातून काढल्यासारखी, आणि प्रत्येकाच्या मागे एक लाकडी ओटा. डॉयलने एकदा मोजली तेव्हा त्याच्या कुरणाकडे पाठ करून एकेचाळीस घरं उभी होती. रस्त्यावरच्या दगडी फलकावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ‘टिडवेल फार्म्स’. तिथे राहणाऱ्या कुणालाही टिडवेल नावाचा माणूस ठाऊक नव्हता.

मागच्या वर्षी तिथल्या एका बाईने कुंपणाजवळून हात करून त्याला थांबवलं होतं. हातात थंड पाण्याची बाटली होती, पण चेहरा तक्रारीचा.

“मागच्या गुरुवारी तुम्ही आलाच नाहीत,” ती म्हणाली. “आमच्याकडे पाहुणे होते. मागे सगळं जंगल माजल्यासारखं दिसत होतं. सोसायटीवाल्यांना मी दोनदा फोन केला.”

ती आपल्याला सोसायटीचा गवत कापणारा समजते आहे, हे डॉयलच्या जरा उशिरा लक्षात आलं. त्याने टोपी काढली.

“हो मॅडम. उशीरच झाला जरा.”

“बरं, पुढच्या वेळी लक्षात ठेवा. उन्हात पाणी पीत जा.”

तो पाणी प्यायला आणि त्याने बाटली परत दिली. का कोण जाणे, तिला खरं सांगावंसं त्याला वाटलं नाही. त्या आठवड्यात तेवढंच एक माणूस त्याच्याशी बोललं होतं.

मुळात जमीन अठ्ठ्याऐंशी एकर होती. वडिलांनी ती दोघा मुलांच्या नावावर केली. मोठा थर्मन, तीन वर्षांनी धाकटा डॉयल. मध्ये कधी कुंपण पडलं नाही. चाळीस वर्षं दोघा भावांनी दोन ट्रॅक्टर घेऊन ती बरोबर कापली. थर्मन पुढे, आणि डॉयल त्याच्या मागे, पात्याच्या अर्ध्या रुंदीने उजवीकडे. दिवसभर एक शब्द नाही, पण पुढच्याने मान जराशी वळवली की मागच्याला कळायचं की समोर दगड आहे. डॉयलने लग्न केलं नाही. एका मुलीशी दोन वर्षं जमत होतं. ती नोकरीला नॅशव्हिलला गेली, तो गेला नाही, आणि ते तिथेच राहिलं. रविवारी दुपारी चर्चहून आल्यावर तो थर्मनकडे जेवायचा. थर्मनची बायको नादीन त्याच्या पानात मक्याच्या पावाचा कडेचा, करकरीत तुकडा न विसरता वाढायची. तिच्या घरात त्याची अशी एक खुर्चीच होती.

मग नादीनला आजार झाला. त्यांची मुलगी फ्लोरिडात होती. तिच्याजवळ राहायला जायचं ठरलं, आणि थर्मनने आपला अर्धा भाग घरं बांधणाऱ्यांना देऊन टाकला. हे त्याने डॉयलला सांगितलं ते सह्या झाल्यावर, डॉयलच्याच ओसरीत, टोपी गुडघ्यावर ठेवून.

डॉयल उठला, ट्रॅक्टर सुरू केला, आणि दोन दिवसांपूर्वीच कापलेलं कुरण पुन्हा कापायला लागला. थर्मन ओसरीत तासभर बसून राहिला आणि मग निघून गेला. दीड वर्षाने नादीन वारली. डॉयल गेला नाही. दुकानातून एक कार्ड आणलं, त्यावर नुसतं ‘डॉयल’ असं लिहिलं आणि टपालात टाकलं. त्यालाही आता अडीच वर्षं होत आली होती. दोघा भावांचं बोलणं नव्हतं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, डॉयल खालच्या कुरणात होता. पावसामुळे तिथे दहा दिवस ट्रॅक्टर घालता आला नव्हता, त्यामुळे गवत मांडीपर्यंत आलं होतं. चौथ्या फेरीला पुढे काहीतरी निळं चमकलं. पोरांना डुंबायला असतो तसला फुगवायचा रबरी हौद वाऱ्याने घरांकडून उडून आला होता आणि हवा जाऊन गवतात पसरला होता. पात्यात गेला असता तर दांड्याला गुंडाळून अर्धा दिवस खाल्ला असता. डॉयलने मागचं यंत्र बंद केलं, ब्रेक लावला, इंजिन तसंच धुगधुगत ठेवलं आणि खाली उतरला.

चारच पावलं टाकली असतील. पाचवं पाऊल जमिनीवर पडलंच नाही. गवताखाली ग्राउंडहॉगने, म्हणजे तिथल्या मोठ्या घुशीसारख्या प्राण्याने, पोखरलेलं बीळ होतं. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, अंग एकीकडे वळलं, आणि कमरेत वाळकी फांदी मोडावी तसा आवाज त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला.

बराच वेळ त्याला नुसतं आभाळ दिसत होतं. मग त्याने पाय हळूहळू बिळातून ओढून काढला. तेवढ्याने डोळ्यांपुढे काळोखी आली. उठायचा प्रश्नच नव्हता. फोन पिकअपमध्ये होता, पिकअप घराशी होती, आणि घर पाव मैलावर.

“ओऽऽ!” त्याने हाक मारली. “कुणी आहे का?”

दहा हातांवर ट्रॅक्टर धडधडत होता. डॉयलला स्वतःचाच आवाज नीट ऐकू येईना, तर इतरांना काय येणार. इंजिन त्यानेच चालू ठेवलं होतं. जुनी बॅटरी, बंद केलं तर पुन्हा पटकन सुरू व्हायचं नाही, म्हणून.

सगळ्यात जवळचं घर दोनशे फुटांवर होतं. गवताच्या काड्यांमधून ओट्याचे कठडे दिसत होते. मधूनमधून एखादं कुत्रं भुंकायचं, कुणाच्या तरी मोटारीचं दार लागायचं. कुठेतरी कोणी बर्गर भाजत होतं, त्याचा वास वाऱ्याबरोबर थेट त्याच्यापर्यंत येत होता. मानेवर गोचीड चढत होती, ती त्याने चिमटीत धरून काढली. ऊन वर चढलं. तोंडाला कोरड पडली.

थोड्या वेळाने एका ओट्यावर माणूस आला. कानाला फोन लावून येरझाऱ्या घालत होता. डॉयलने टोपी काढली, मुठीत धरली, हात जमेल तितका उंच केला आणि गवतावर टोपी हलवली. माणूस थांबला. इकडे बघितलं. डॉयल आणखी जोरात हलवायला लागला.

माणसानेही हात उंचावून हलवला, हसतमुखाने, शेजाऱ्याला करावा तसा. मग बोलत बोलत आत गेला आणि काचेचं दार सरकवून घेतलं.

डॉयलने हात खाली घेतला. त्याला त्या माणसाचा राग आला नाही. शेतातला म्हातारा टोपी हलवतो म्हणजे नमस्कारच करत असणार, दुसरं काय? पण त्यानंतर त्याने हाक मारली नाही. आपण इथे पडलोय हे अजून पाच दिवस कुणाला कळणार नाही, याचा हिशेब त्याने शांतपणे केला. रविवारी चर्चमध्ये कळेल. आज मंगळवार. डोक्यात पहिलं नाव आलं ते थर्मनचं. त्याने ते बाजूला ढकललं, आणि ते पुन्हा आलं.

दोन तास झाले असतील, नसतील, एवढ्यात गवत जोरजोरात बाजूला सारत कुणीतरी येत असल्याचा आवाज झाला.

“अहो, काय लावलंय काय तुम्ही हे?” बाईचा आवाज होता, चांगलाच चढलेला. “दोन तास झाले! कापत असाल तर कापा, नाहीतर ते धूड बंद करा! मी रात्रपाळी करून आलेय, मला झोप…”

ती ट्रॅक्टरपाशी पोचली. वरची बैठक रिकामी दिसल्यावर तिचं बोलणं तुटलं.

“इकडे, मॅडम,” डॉयल म्हणाला. “खाली.”

चाळिशीची, बुटकी बाई. अंगात झोपायचा गबाळा शर्ट, पायात चपला, केस विस्कटलेले. तिने त्याला पाहिलं आणि तोंडावर हात नेला.

“अरे देवा! काय झालं?”

“कंबर मोडली बहुतेक. जपून, तिथे बीळ आहे.”

ती त्याच्याजवळ बसली, फोन काढला आणि रुग्णवाहिका बोलावली. पलीकडून काय विचारत होते ते ऐकायला तिला एक कान बोटाने दाबून धरावा लागला.

“हे बंद कसं करायचं?” तिने ओरडून विचारलं.

“डाव्या हाताला तांबडी मूठ आहे. ओढा, आणि पूर्ण थांबेपर्यंत धरून ठेवा.”

“आणि पुढे गेला तर?”

“ब्रेक लावलाय.”

“नक्की?”

“मॅडम, मी पडलो खरा, पण ब्रेक त्याच्या आधी लावला होता.”

ती चढली. मूठ ओढली. इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. एकदम पसरलेल्या शांततेत टोळांचा आवाज वर आला. ती खाली उतरून पुन्हा त्याच्याशेजारी बसली आणि त्याच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून सरकून सावली केली.

“मी तुम्हाला शिव्या द्यायला आले होते,” ती म्हणाली.

“द्या ना. रुग्णवाहिकेला वेळ आहे.”

तिला हसू आलं आणि त्यातच रडूही आलं. तिचं नाव मारिसेला. विमानतळाजवळच्या गोदामात ती रात्रभर पार्सलं लावायची. तीन वर्षं त्या घरात राहत होती आणि या बाजूला पहिल्यांदाच कुंपण ओलांडून आली होती.

“घरी कोणाला कळवू?”

“कुणाला नाही.”

“बायको? मुलं?”

“नाहीत.”

“भाऊबहीण?”

डॉयलने डोळे मिटले. “पाणी आहे का तुमच्याकडे?” त्याने विचारलं.

खुब्याचा सांधा बदलावा लागला. पुढचे साडेतीन आठवडे तो एका शुश्रूषाकेंद्रात होता, पंच्याहत्तर मैलांवर असल्यासारखा, खरं तर सतराच मैलांवर. चर्चमधून दोघं येऊन गेले. मारिसेला दर शनिवारी कामावर जाण्याआधी यायची आणि त्याचं टपाल घेऊन यायची. तिसऱ्या शनिवारी त्यात नगरपालिकेचं पत्र होतं. दोन वर्षांपूर्वी गावाने आपली हद्द वाढवून त्याची जमीन आत घेतली होती. आता तक्रार आली होती की खालच्या कुरणात गवत ठरलेल्या उंचीच्या वर गेलं आहे. दहा दिवसांत कापावं, नाहीतर गाव आपली माणसं आणून कापेल.

“मी त्यांना जाऊन सांगते,” मारिसेला म्हणाली. “माणूस हॉस्पिटलात आहे, लाज वाटत नाही का म्हणावं.”

“त्यांचं चुकत नाही. गवत वाढलंच असणार.”

“आमच्यापैकी कुणीतरी तक्रार केलीय. त्याच घरांमधल्या.”

“असेल.”

ती गेल्यावर त्याने ते पत्र पुन्हा वाचलं. परक्या माणसांनी येऊन त्याचं गवत कापायचं? ती ओढ्याकाठच्या ओल्या जागेत यंत्र घालतील. उंचवट्यावरचा दगड त्यांना माहीत नाही. तो दगड जगात दोनच माणसांना माहीत होता. त्याने उशाशी असलेला फोन उचलला. नंबर पाठ होता, पण एकदाही लावला नव्हता. तीनदा वाजला.

“हॅलो?”

“थर्मन,” डॉयल म्हणाला. “गवत वाढलंय.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, “किती?”

“मांडीच्या वर असेल. बघितलं नाही मी.”

“का? तू कुठे आहेस?”

“खुबा मोडला. इथे ठेवलंय मला.”

“कधी?”

“तीन आठवडे झाले.”

“तीन आठवडे,” थर्मन म्हणाला. मग नाक शिंकरल्यासारखा आवाज आला. “गाढवा. शनिवारी पोचतो मी.”

तो शुक्रवारीच पोचला. शहात्तर वर्षांचा माणूस, एकटा, एका दिवसात गाडी हाकत. डॉयलला सोमवारी घरी सोडलं तेव्हा उंचवटा आणि ओढ्याकाठ कापून झाला होता. मारिसेलाने त्याला आणून ओसरीतल्या खुर्चीत बसवलं, चालायचा वॉकर हाताशी ठेवला आणि ती झोपायला गेली. लांबवर, खालच्या कुरणात, निळा ट्रॅक्टर पूर्वेच्या कुंपणाच्या कडेने जात होता. थर्मन अजून तसाच बसायचा, एक खांदा खाली पाडून.

कुंपणाच्या मध्यावर ट्रॅक्टर थांबला. डॉयलला वाटलं, काही अडकलं असेल. पण थर्मन उतरला नाही. तो नुसता बसून राहिला, घरांकडे तोंड करून. तिथे, तिसऱ्या आणि चौथ्या घराच्या मध्ये कुठेतरी, त्यांचा दूध काढायचा गोठा होता. हिवाळ्याच्या पहाटे दोघं हात गरम ठेवायला गायींच्या पोटाला लावायचे. थर्मनने आपण विकलेलं ते रान, त्याच्यावर घरं झाल्यावर, आजच पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं होतं. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. ओसरीतून डॉयलला त्याच्यासाठी काहीही करता येत नव्हतं. मग पाती पुन्हा फिरायला लागली.

संध्याकाळी दोघांनी स्वयंपाकघरात टोमॅटो सँडविच खाल्लं. थर्मन सवयीप्रमाणे मोरीपाशी उभा राहून खात होता, म्हणजे रस अंगावर सांडत नाही. पाठमोऱ्यानेच तो बोलला.

“नुसतं नाव लिहिलंस तू कार्डावर.”

डॉयलने सँडविच खाली ठेवलं.

“लिहायला बसलो होतो,” तो म्हणाला. “तीन संध्याकाळी बसलो. काही सुचलं नाही.”

“ती विचारायची तुझं. शेवटी शेवटी रोज. डॉयलचा फोन आला का?”

“तू काय सांगायचास?”

“कापणी चाललीय म्हणायचो. जानेवारी होता.” थर्मनने नळ सोडला आणि हात धुतले. “तिला माहीत होतं जानेवारीत कापणी नसते. काही बोलायची नाही.”

डॉयलने बशी बाजूला सारली. आपण यायला हवं होतं, एवढं तो बोलला. तो राग तुझ्यावरचा होता, तिच्यावरचा नव्हता, आणि तिलाच पुरला, हेही बोलला. त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यात लांब बोलणं असेल. थर्मन वळला नाही, पण त्याने मान हलवली.

“मीही तुला आधी सांगायला हवं होतं,” तो म्हणाला. “धीर झाला नाही. तू नाही म्हणाला असतास तर मला विकता आलं नसतं.”

“नाहीच म्हणालो असतो.”

“ते ठाऊक होतं म्हणून तर.”

थर्मन गुरुवारपर्यंत राहिला. पाती घासून दिली, चाकात हवा भरली, ते बीळ दगड घालून बुजवलं. निघताना गाडीच्या खिडकीतून म्हणाला, “चल माझ्याबरोबर. मागे एक खोली रिकामी आहे.”

“आणि हे?”

“हे काय, डॉयल? तू नाही कापलंस तर दुसरं कोणी घरं बांधेल. कापलंस तरी बांधेल, दहा वर्षांनी.”

“मग दहा वर्षं आहेत की.”

थर्मन हसला. “पुढच्या वेळी गवतासाठी फोन करू नकोस. नुसताच कर.” त्याने गाडी सुरू केली. धूळ खाली बसेपर्यंत डॉयल वॉकरला धरून फाटकापाशी उभा होता.

भाऊ परत मिळाला, पण घर तेवढंच रिकामं राहिलं. रविवारी रात्रीच्या जेवणाआधी दोघं फोनवर बोलायचे, पाच-सात मिनिटं, हवापाण्याचं. फोन ठेवल्यावर भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आधीपेक्षा मोठी वाटायची. ऑक्टोबरात मारिसेलाचं गोदाम दुसऱ्या गावी हललं. ती निरोप घ्यायला आली, तिने मक्याच्या पानांत वाफवून केलेल्या तमालेंचा डबा ठेवून गेली. दर काही दिवसांनी त्याची नजर तिच्या ओट्याकडे जायची. नव्या लोकांनी तिथे उंच लाकडी कुंपण घातलं, मग तेही दिसेना. पश्चिमेला हार्गिसांच्या झाडीत पिवळी यंत्रं शिरली. आता दोन्ही बाजूंनी आवाज यायचा.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी ट्रॅक्टरला हात लावायला परवानगी दिली, म्हणजे त्यांनी नको म्हणायचं सोडलं. डॉयलने चढण्यासाठी फळ्या ठोकून एक पायरी केली. पहिल्या दिवशी उंचवट्याचा अर्धाच भाग झाला आणि कमरेत कळा येऊ लागल्या. पूर्वीचं चार दिवसांचं काम आता नऊ दिवसांवर गेलं, आणि नवव्या दिवशी पहिल्या दिवसाचं गवत पुन्हा उभं. तिसऱ्या फेरीनंतर त्याने ओळखलं की हे जमायचं नाही.

मे महिन्याच्या एका दुपारी त्याने ओढ्यापलीकडची नऊ एकर सोडून द्यायची ठरवलं. घरांपासून लांबची, झाडीला लागून असलेली ती जमीन, जिकडे कुणाची तक्रार येणार नाही. नगरपालिकेत जाऊन तसा अर्ज केला, आणि खिडकीतल्या मुलीने झाडं वाढवायची असतील तर चालतं, म्हणून शिक्का मारून दिला.

मग तो ट्रॅक्टर घेऊन ओढ्यापर्यंत गेला. अलीकडची शेवटची फेरी घातली, यंत्र उचललं आणि इंजिन बंद केलं. पलीकडे गवतात लाल पंखांचा एक काळा पक्षी काडीवर झोके घेत ओरडत होता. बेरीची कोवळी पानं फुटली होती. बोटभर उंचीची सीडरची रोपं एकदा दिसायला लागल्यावर जिकडे तिकडे दिसू लागली. सत्तर वर्षं टिडवेल माणसांनी त्यांना वर येऊ दिलं नव्हतं. डॉयलने मोजायला सुरुवात केली, तीसच्या पुढे गेल्यावर सोडून दिली.

वाईट वाटेल असं त्याला वाटलं होतं. वाटलंही. पण त्याबरोबर खांद्यांवरून काहीतरी उतरलं, आणि त्याचं त्याला जरा लाजल्यासारखं झालं, कारण हे कुणाला सांगायचं ते कळेना. रविवार अजून चार दिवसांवर होता. तो ऊन कलेपर्यंत तिथे बसला. मग बॅटरीने दगा दिला नाही, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, आणि पस्तीस एकरांच्या कडेकडेने तो घराकडे निघाला.